डोकं रोजचं, गोळीपण रोजची

प्रश्न: डॉक्टर, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरीच मशीनवर युनिफॉर्म शिवते. माझं डोकं लई वर्षांपासून दुखालंय. आधी महिन्यातनं एखाद-दुसऱ्या वेळी अर्धंच डोकं ठणकायचं, उलटी झाली की बरं वाटायचं, आता जवळजवळ रोजच असतंय. शेजारचे माग सुरू झाले की तो खडखडाट सहन होत नाही, कपाळावर ओढणी आवळून बसते. मेडिकलमधनं आणलेली गोळी खाल्ल्याशिवाय काम होत नाही. चष्म्याचा नंबर तपासला, काही निघालं नाही. सासूबाई म्हणतात, काम आलं की हिचं डोकं उठतंय. काय करू?

उत्तर: कामाचा कंटाळा नाही हो हा. अर्धं डोकं ठणकणं, उलटी, आवाज नको वाटणं हे मायग्रेनसारखं दिसतंय, तो मेंदूचा खराखुरा आजार आहे, बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो, आणि एमआरआय केला तरी बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, म्हणून तर घरच्यांना नाटक वाटतं. डॉक्टरकडे जाताना सासूबाईंनाच सोबत न्या.

पण मला जास्त खटकली ती तुमची गोळी. साधी पॅरासिटामॉल महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की ज्याला मुळात डोकेदुखी आहे त्याची डोकेदुखी त्या गोळीनंच वाढू शकते. असर उतरला की दुखतं, दुखतं म्हणून परत घ्यायची, चक्र सुरूच. आणि आपल्याकडं 'डोक्याची द्या' म्हटलं की स्ट्रिपमधल्या दोन कापून हातावर, त्यात काय आहे कोण बघतंय! रिकामं पाकीट टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखलं त्या दिवशी टिंब आणि गोळी घेतली तर फुली करा. पाळी, उपास, उन्हातनं फिरणं हेपण लिहा, आणि नळाला रात्री दोनला पाणी आलं म्हणून जागरण झालं तर तेही, पुस्तकात हे कारण सापडणार नाही पण सोलापुरात ते कुणाला सांगावं लागत नाही. महिनाभराचं असं कॅलेंडर हातात असलं की तपासणाऱ्याचं निम्मं काम होतं.

गोळी मनानं बंद करू नका, विचारून करा, कारण सुरुवातीचे काही दिवस डोकं उलट जास्त दुखतं, तेव्हा शाळा सुरू व्हायच्या आधीची ऑर्डरची गर्दी सोडून दुसरी वेळ धरा. दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधं असतात, प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन वगैरे. चिठ्ठीवर बीपीची नाहीतर डिप्रेशनची गोळी दिसली म्हणून घाबरून सोडायची नाही, डोकेदुखीलापण ती चालते, गुण यायला मात्र महिना-दोन महिने लागतात. दमा असेल, दिवस गेले असतील किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, औषध त्यावर ठरतं.

जेवणाची वेळ मात्र चुकवू नका, सकाळच्या नुसत्या चहावर दुपारपर्यंत शिवत बसणं हेच निम्म्या जणींचं दुखणं आहे.

आणि डोकं एकदम, क्षणात, कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, तापात मान आखडली, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले की कॅलेंडर-बिलेंडर राहू द्या, मध्यरात्र असली तरी सरळ सिव्हिल गाठा.