मुका मार आणि मानेचा पट्टा

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी खंबाटकी घाटात रांगेत आमची गाडी उभी असताना मागून टेम्पोने ठोकलं. कुणाला साधं खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझी मान उशीवरून उचलेना. एक्स-रे चांगला आला. तेव्हापासून दिवसभर पट्टा लावून असते, काढायची भीती वाटते. घरचे म्हणतात, 'हाड शाबूत आहे, मग दुखतंय काय?' माझ्या मनाचे खेळ आहेत का?
– वाचक (वय ४६), कराड

उत्तर : मनाचे खेळ नाहीत, मुका मार आहे. एक्स-रेत हाडं दिसतात. स्नायू आणि हाडाला हाड जोडणारे अस्थिबंध दिसत नाहीत, म्हणून तो 'चांगला' आला. मागून धक्का बसतो तेव्हा सीट पाठीला पुढे ढकलते आणि साडेचार-पाच किलोचं डोकं क्षणभर मागेच राहतं, मग पुढे झेपावतं. ती ओढाताण मान सोसते. सूज सावकाश चढते, म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी कळलं.

पट्ट्याबद्दल मात्र रागावणार आहे. फ्रॅक्चर नाही ना? मग तीन आठवडे फार झाले. डॉक्टरांना एकदा विचारा आणि सोडवायला लागा. मान बांधून ठेवली की ती आखडते, स्नायू आळसावतात. माझ्याकडे पट्टा लावून कुणी आलं, की तो आधी टेबलावर काढून ठेवायला लावते. पहिली पाच मिनिटं हात आपोआप गळ्याकडे जातो.

ताठ बसा. समोर बघतच हनुवटी सरळ मागे घ्या, ड्रॉवर आत ढकलावा तशी. मान वाकवायची नाही. पाच आकडे मोजा, सोडा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग सावकाश एकेका खांद्याकडे बघा. थोडं ताणलेलं, दुखलेलं चालेल. तासाभरात शमलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी जास्त ठणकलं, तर संख्या निम्मी करा. गरम पाण्याची पिशवी बरी वाटत असेल तर जरूर घ्या. केशकर्तनालयात मान 'मोडून' घेणं मात्र बंद म्हणजे बंद, हे यजमानांनाही सांगा.

हाताला मुंग्या येत असतील, चहाचा कप हातातून निसटत असेल, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. यातलं काही नसेल, तर बहुतेकांची मान दोन-तीन महिन्यांत मोकळी होते. एखादा दिवस मध्येच वाईट जातो, तेवढ्याने घाबरू नका.

गाडी चालवत असाल, तर दोन्ही खांद्यांवरून मागे नीट बघता येईपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या. आणि एकदा सीटवर बसून बाहेरून कुणाला तरी बघायला सांगा : हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या टोकाशी येतो का? बऱ्याच गाड्यांत तो विकत घेतल्या दिवसापासून खाली दाबलेलाच असतो.