पहिली ते पाचवीला शिकवायचं, तर बी.एड. नव्हे

प्रश्न : यांची बदली झाल्यामुळे आम्ही कोल्हापूरहून पुण्याला आलो. मुलीचं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष शिवाजी विद्यापीठातून झालं आहे, मुख्य विषय गणित. तिला लहान मुलांना, म्हणजे पहिली ते चौथी-पाचवीला शिकवायचं आहे. इथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रवेश, मग पदवी आणि त्यानंतर बी.एड., असा आमचा बेत आहे. पहिल्या वर्षाचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, पुण्यात धरतील का? बारावीला तिला ५८ टक्के आहेत, आम्ही खुल्या प्रवर्गातले.
— एक आई, वारजे

उत्तर : ताई, क्रेडिटचं पुढे सांगतो, कारण आधी बेतच बदलायला हवा. बी.एड. करून पहिली ते पाचवीचं शिक्षक होता येत नाही. २०१८ साली एनसीटीईने, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, ती मुभा दिली होती, पण ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती चुकीची ठरवली. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे आणि बी.एड. त्यासाठी आखलेलं नाही, असा त्या निकालाचा आशय. आम्हालाही तो पटतो. अक्षरओळख करून देणं आणि नववीला बीजगणित शिकवणं या दोन कामांची तयारी एक असूच शकत नाही.

या वर्गांसाठी लागतं ते डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड. मुदत दोन वर्षं, प्रवेश बारावीच्या गुणांवर, शाखा कोणतीही चालते. खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के, राखीवला ४४.५ टक्के लागतात. म्हणजे तुमची मुलगी आजच पात्र आहे. प्रवेशाची ऑनलाइन प्रक्रिया आपल्या कुमठेकर रस्त्यावरची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद राबवते. अर्ज भरताना माध्यम विचारपूर्वक निवडा. मराठी माध्यमातून केलं की इंग्रजी शाळांमधल्या जागांसाठी पुढे अडचण येऊ शकते, आणि उलटंही.

आता वर्षांचा हिशेब मांडा. तुमच्या बेतात पदवीची दोन आणि बी.एड.ची दोन अशी चार वर्षं जातात आणि शेवटी हातात फक्त सहावीपासून पुढचे वर्ग येतात. डी.एल.एड. आणि पदवी दोन्ही असतील, तर पहिली ते पाचवीही खुली आणि सहावी ते आठवीही. म्हणून पदवी सोडू नका, असंच सांगू. क्रम मात्र ठरवावा लागेल.

दोन्ही एकदम रोजच्या कॉलेजात जमणार नाही. डी.एल.एड.ला आठवड्याला किमान ३६ तास द्यावे लागतात, तासिकांना ८० टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला, ९० टक्के हजेरी लागते. सराव पाठ, पाठ टाचणं, शाळेतले आठवडे हे सगळं बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांवर आदळतं. बरोबरीने मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणारे पुष्कळ असतात. २०२२पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, असे दोन अभ्यासक्रम एका वेळी करायला परवानगी दिली आहे. पण गणिताची मुलगी बी.ए.कडे वळवण्याआधी थांबा. सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताच्या शिक्षकासाठी बी.एस्सी. हवी. ती वाट आत्ता बंद करू नये.

आमचा सल्ला असा : बी.एस्सी. दोन वर्षांत इथे पुरी करा आणि मग डी.एल.एड. घ्या. वेळ तेवढाच, चार वर्षं, पण दारं दुप्पट. घरची निकड असेल आणि लवकर नोकरी हवी असेल, तर उलटा क्रम लावा : आधी डी.एल.एड., पदवी नंतर. पहिल्या वर्षाचे क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात, जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. क्रेडिट धरले जातात, पण आपोआप नाही. तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट लागतात, त्यांतले ४४ पहिल्या वर्षाचे. पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडूनच किमान निम्मे, म्हणजे ६६, मिळवावे लागतात. तुमच्या मुलीचे ८८ पुण्यात होतील, तेव्हा अडचण नाही. हेच स्थलांतर दुसऱ्या वर्षानंतर केलं असतं, तर पुण्यात ४४च उरले असते आणि गणित फसलं असतं. यंदाच हलवा.

कॉलेजात दोन गोष्टी आधी विचारा : दुसऱ्या वर्षाला गणितात जागा रिकामी आहे का, आणि पहिल्या वर्षाचे दुय्यम विषय जुळतात का. न जुळणारा विषय वेगळा देऊन भरून काढावा लागू शकतो. सोबत दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, जुन्या विषयांचा छापील अभ्यासक्रम आणि ॲकॅडमिक बँकेचा क्रमांक न्या. बँकेत क्रेडिट जमा दिसतात ना, हे डिजिलॉकरवर घरीच पाहून जा. न दिसल्यास कोल्हापूरच्या कॉलेजकडूनच चढवून घ्यावे लागतात. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पात्रता अर्ज आणि शिवाजी विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागेल. आणि हे नक्की लक्षात ठेवा : पुण्यातली जागा पक्की झाल्याशिवाय जुन्या कॉलेजचा दाखला काढू नका. दाखला निघाला की तिथला प्रवेश संपला, आणि इथे जागा नाही मिळाली तर वर्ष हातचं जातं.

प्रश्न : माझं बी.एड. २०२४ साली झालं. सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून पहिलीला शिकवता येईल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. तो कोर्स सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३च्या निकालाआधीच नेमणूक झालेल्या बी.एड. शिक्षकांसाठी आहे, नव्या उमेदवारांसाठी नाही. तुम्हाला सहावी ते आठवी, टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन, हा सरळ रस्ता आहे. पहिलीच हवी असेल, तर डी.एल.एड. करावंच लागेल.

प्रश्न : टीईटी आणि टेट एकच का?
— डी.एल.एड. विद्यार्थिनी, भोसरी

उत्तर : नाही, आणि या घोळात तयारी चुकते. टीईटी ही पात्रता : १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० हवेत. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. एकदा उत्तीर्ण झालात की आयुष्यभर चालते. केंद्राची सीटीईटीही धरली जाते, आणि ती डी.एल.एड.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. संधी दवडू नका.

टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिचे गुण पवित्र पोर्टलवरची, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरची, निवड ठरवतात. २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. इथे अभ्यासापेक्षा वेगच कमी पडतो, म्हणून घड्याळ लावूनच सराव करा. ही परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ साली झाली. दरवर्षी होईल असं धरून चालू नका. जाहिरात येईल तेव्हा टीईटी हाती असायला हवी.