आजीला बोलतं करायचंय? मग आधी एवढंच करा

घरातल्या मोठ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात आणि नवी मुंबईतल्या घणसोलीच्या आजीपासून सुरुवात करताय, उत्तम. वंशावळ, स्कॅनर वगैरे नंतर बघू. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका आणि पंखा बंद करा (माझं पहिलं रेकॉर्डिंग म्हणजे नुसती घरघर!).

"आजी, तुझं आयुष्य सांग" म्हटलं की ती गप्पच होणार. त्यापेक्षा जागा विचारा: मिठागर कुठे होतं, भात कुठे झोडायचात? सालही विचारू नका. "सिडको यायच्या आधी की नंतर?" असं विचारलंत, की १९७० चा खुंटा मिळतो (सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, ते त्या साली आलं). उरण तालुक्यातल्या जासईचं १९८४ चं शेतकऱ्यांचं जमिनीसाठीचं आंदोलन हा दुसरा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लिहून काढताना तिची आगरी बोली 'शुद्ध' करणं. ते अजिबात नको.

आणि जुन्या फोटोंमागे नावं आजच लिहा, मऊ पेन्सिलीनेच.