शैलीतलं शील

एका वाचकाने विचारलं आहे: वेबसाइटच्या डिझाइन सिस्टीममध्ये, म्हणजे तिच्या दिसण्याच्या नियमसंचात, ‘ग्लोबल बेस स्टाइल्स’ म्हणजे फॉन्ट, रंग अशा गोष्टींचे मूळ नियम असतात, त्यांना ‘जागतिक पायाभूत शैली’ म्हणावं का?

‘जागतिक’ अजिबात नको. ग्लोबल दिसलं की जागतिक लिहून मोकळं व्हायचं, ही खोड आता फार झाली. या नियमांचा जगाशी काय संबंध? ते त्या एका साइटच्या सगळ्या पानांना लागू असतात. त्यासाठी ‘सरसकट’ हा खणखणीत शब्द आपल्याकडे आहे. ‘पायाभूत’ चालेल.

‘शैली’ मात्र ठेवाच. ‘स्टाइल’ आणि ‘शैली’ एकाच मुळाचे, असं छातीठोकपणे सांगणारे वरचेवर भेटतात, त्यांत जाणकार म्हणवणारेही असतात. साफ चूक. स्टाइल आला लॅटिन ‘स्टिलस’वरून, म्हणजे मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार लेखणी. शैली आली ‘शील’वरून. उच्चार जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

आणि शील म्हणजे काय? अमरकोश सांगतो, ‘शीलं स्वभावे सद्वृत्ते’. पायाभूत शैलीचं सगळं काम मला या तीन शब्दांत दिसतं. ब्राउझरला स्वतःचा स्वभाव असतो. तुम्ही एकही नियम लिहू नका, तरी तो पानाभोवती ८ पिक्सेलचा समास सोडतो, मथळे ठळक करतो, लिंक निळ्या करून अधोरेखित करतो. त्यावर तुम्ही फॉन्ट, रंग, ओळींमधलं अंतर ठरवता, ते सद्वृत्त. २००७ साली वेब-डिझाइनचे जाणकार एरिक मेयर यांच्या ‘रीसेट’ या तयार नियमसंचाने हा स्वभाव जवळजवळ पुसूनच टाकला. पुढे आलेल्या ‘नॉर्मलाइझ’ या तशाच दुसऱ्या संचाने उपयोगी स्वभाव राखला आणि निरनिराळ्या ब्राउझरांमधले फरक तेवढे मिटवले. मला ही दुसरी रीतच शीलाला धरून वाटते. तरी बटणं हट्टी असतात: ‘बॉडी’ला, म्हणजे पानाच्या सगळ्या मजकुराला, दिलेला फॉन्ट परिच्छेदांना वारशाने मिळतो, बटणं तो घेत नाहीत, त्यांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ (वारशाने आलेला फॉन्टच घे) असं वेगळं सांगावं लागतं.

साइट मराठी असेल तर पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या ‘एचटीएमएल’ टॅगवर ‘लँग’ (भाषा) म्हणून ‘एमआर’ हा मराठीचा संकेत लिहाच. फॉन्टमध्ये सोय असेल तर तेवढ्यानेच ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर बऱ्याचदा हिंदी वळणाचे. ‘शैली’ शब्दात नेमकी हीच दोन अक्षरं आहेत. तोच टाइप करून तपासा. आणि अक्षरांमधलं अंतर सरसकट वाढवू नका, शिरोरेघ तुटते.