पहिल्या दिवशी एकही छर्रा का नाही?

प्रश्न : मॅडम, माझं वय ४४, कऱ्हाडला पतसंस्थेत नोकरी करते. स्वप्नील कुसाळेंना पॅरिसला कांस्य मिळालं तेव्हापासून मनात होतं, म्हणून गेल्या महिन्यात नवशिक्यांच्या शनिवार-रविवारच्या एअर रायफल वर्गाला गेले. सातवीतली लेकही सोबत होती. शनिवारी दिवसभर नुसतं उभं राहायला शिकवलं आणि रिकाम्या रायफलीचा ट्रिगर दाबायला लावला. रविवारी चाळीस छर्रे मिळाले. माझे सगळे डावीकडे, तेही विखुरलेले. डावा डोळा मिटून मिटून डोकं दुखलं ते वेगळंच. लेकीचे बरे लागले. फी पाण्यात गेली का? चष्मा असताना या वयात पुढे शिकावं का? घरी सरावाला एअरगन घ्यावी का?

उत्तर : ताई, फी अजिबात पाण्यात गेलेली नाही. ज्यांनी शनिवारी तुमच्या हातात छर्रा दिला नाही, त्यांना शिकवता येतं. मीही कोल्हापुरात माझ्या वर्गात तेच करते, आणि दर वेळी दुपारच्या चहापर्यंत कुणीतरी रुसतंच.

एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तो १० मीटरवर. नेम धरायला रायफलीवर पुढची आणि मागची अशा दोन साइट असतात, त्यांत साधारण पाऊण मीटर अंतर. त्या दोन्ही जुळवताना १ मिलिमीटर जरी चूक झाली, तरी कागदावर छर्रा तेरा मिलिमीटर सरकतो, म्हणजे पाच वर्तुळं गेली. हातातल्या ताकदीने चार-पाच किलोची रायफल इतकी स्थिर राहत नाही, कारण स्नायू थकतो आणि थरथरतो. म्हणून डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं आणि वजन हाडांवरून थेट पायात उतरू द्यायचं. हे अंगात मुरायला एक दिवस कमीच पडतो.

पुढच्या वेळी एक करून बघा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट टार्गेटच्या डावीकडे गेलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका, पावलं किंचित फिरवा. तुमचे छर्रे डावीकडे जाण्याचं कारण मला इथेच असावंसं वाटतं. हाताने ओढून धरलेली रायफल ट्रिगर दाबताना आपल्या मूळ जागी परत जाते.

डावीकडे गेले याची काळजी नको, विखुरले याची करा. पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे लागले, मग ते कुठेही असोत, की साइटचा स्क्रू चार क्लिक फिरवून मधोमध आणता येतात. विखुरलेल्या छर्‍यांना क्लिकचा उपयोग नाही.

आता डोळ्याचं. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा आणि तीतून भिंतीवरचं घड्याळ बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहिलं तो तुमचा प्रबळ डोळा. कॉलेजात एनसीसीला आम्ही पॉइंट टू-टू रायफलने २५ मीटरवर पडून फायर करायचो. माझा प्रबळ डोळा डावा आणि रायफल उजव्या खांद्याला! सहा महिने मी डावा डोळा घट्ट मिटून फायर केलं. तो मिटला की उजवाही आकसतो, डोळ्यांत पाणी येतं. एका उस्तादांनी खिशातली पांढरी चिकटपट्टी काढून माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर लावली आणि म्हणाले, "अब दोनों आँख खुली रखो." त्या दिवशीचा माझा ग्रुप, म्हणजे कागदावर जवळजवळ लागलेली गोळ्यांची भोकं, अजून वहीत चिकटवलेला आहे. तुम्हीही अशी पट्टी लावा, आरपार दिसणार नाही पण उजेड येईल अशी. प्रबळ डोळा डावाच निघाला तर एकदा डाव्या खांद्यावरही रायफल घेऊन बघा.

चष्मा दोन नंबरांचा असेल तर त्रास होईल, कारण मान तिरकी होते. पाऊण ते एक मीटरवरचं स्वच्छ दिसेल असा एकाच नंबरचा चष्मा करून घ्या. नेम धरताना पुढची साइट ठसठशीत दिसली पाहिजे. टार्गेट थोडं पुसट दिसलं तरी चालतं, किंबहुना पुसटच दिसायला हवं.

वयाचं म्हणाल तर आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या, पण पहिलं ऑलिंपिक त्यांना टोकियोला मिळालं, चाळिसाव्या वर्षी. तुम्हाला ऑलिंपिकला जायचं नाही हे मला कळतं. पण शांत उभं राहणं आणि श्वास सांभाळणं या वयात लवकर जमतं, हे मी वर्गात डोळ्यांनी बघते. लेकीला मात्र वर्षभर तरी रायफल स्टँडवर टेकवूनच खेळू द्या. वाढत्या पाठीवर ते वजन नको.

एअरगन एवढ्यात घेऊ नका. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्यामुळे मोह होतो. पण बाजारातली स्प्रिंगची साधी एअरगन रिकामी चालवून सराव करता येत नाही, पिस्टन आदळून आतलं सील जातं. आणि घरात छर्‍याचा सराव करायला मागे भक्कम आडोसा आणि कुणीही मध्ये येणार नाही अशी जागा लागते. तुमच्या घरी ती आहे का? त्यापेक्षा भिंतीवर ठिपका काढा, लाटण्याएवढी काठी धरून उभं राहण्याचा सराव करा, रोज दहा मिनिटं.

एक गोष्ट वर्गात कुणी सांगितली नसेल तर मी सांगते. छर्रे शिशाचे असतात. मुलं ते ओठांत धरून ठेवतात, लेकीला तसं करू देऊ नका. रेंजवर काही खायचं नाही, आणि बाहेर आल्यावर दोघींनी हात साबणाने धुऊन मगच डबा उघडायचा.