भिंतीसमोर बसायला शीक

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात वर्षं गेली, तर स्वतःची शैली कधी सापडणार, ही तुझी घालमेल मला कळते. थायलंडचे चित्रकार फुआ हरिफिथक यांचं नाव तुझ्या कानावर आलेलं नसेल, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो.

जन्म 1910, बँकॉकजवळच्या थोनबुरीचा. आईवडील लवकर गेले, आजीने वाढवलं. बँकॉकमध्ये कोर्रादो फेरोची या इटालियन शिल्पकाराकडे शिकले आणि पुढे शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे आले. नंदलालांनी तरुणपणी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या, हे तुला ठाऊक असेलच. महायुद्धात थायलंड जपानच्या बाजूला गेला आणि फुआंना भारतातच स्थानबद्ध व्हावं लागलं. सुटका झाल्यावर ते मायदेशी परतले. तैलचित्रांना राष्ट्रीय प्रदर्शनात सुवर्णपदकं मिळाली. नाव झालं.

आणि अशा भरात आलेल्या माणसाने पुढची कित्येक वर्षं देवळांच्या भिंतींना दिली! पावसाची ओल, क्षार, सुटणारे पोपडे यांनी जातककथांची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींची, चित्रं डोळ्यांदेखत नाहीशी होत होती. फुआ गावोगावच्या विहारांत बसून ती उतरवून घेत राहिले.

ही चित्रं कोरड्या गिलाव्यावर काढलेली. तिथली जुनी पद्धत तुला आवडेल. आधी काशिदाचा पाला भिजवलेल्या पाण्याने भिंत पुन्हा पुन्हा धुवायची. मग हळद लावून बघायची. हळद लाल झाली तर चुन्याचा खार अजून उरलाय, पुन्हा धुवायची. त्यानंतर चिंचोक्याच्या खळीत कालवलेल्या पांढऱ्या मातीचा अस्तर, आणि रंगात कवठाचा डिंक. सगळं आपल्या परसातलं. रंग कशावर बसलाय हे कळल्याशिवाय तो का सुटतोय ते कळत नाही, आणि हे ज्ञान नुसत्या फोटोतून मिळत नाही.

बँकॉकच्या ‘वाट राखांग’ या बौद्ध मंदिरातलं लाकडी ग्रंथागार हे त्यांचं मोठं काम. ही वास्तू आधी घर होती; थायलंडच्या आजच्या राजघराण्याचा पहिला राजा, ‘पहिला राम’, राजा होण्याआधी इथेच राहत असे. मोडकळीला आलेली ती वास्तू आणि तिच्यातली चित्रं फुआंनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून सावरली. 1983 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1993 मध्ये ते गेले.

माझं मत विचारशील तर, स्वतःची रेषा त्यांनी गमावली नाही, ती जुन्या रेषांच्या सहवासात घडत गेली. पण प्रतिकृती म्हणजे छापा काढणं नव्हे. हात कुठे थांबला, कुंचला कुठे दाबला, हे शोधायचं असतं.

तेव्हा अजिंठ्याला जा. रेखाटनाची परवानगी आधी काढ. सतराव्या लेण्यात एकच आकृती निवड, पूर्ण चित्राच्या मागे लागू नकोस. पहिल्या दिवशी फक्त बघ. दुसऱ्या दिवशी पेन्सिल काढ, रंगाला हात लावू नकोस. रेखाटन मला पाठव, खोडलेल्या रेषांसकट.

तुझा,
सर