सकाळी सातची फिरकी: वाचकांच्या शंका

रेडिओवर सकाळी बातम्यांची, अफवांची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची जी टवाळी चालते, तशी आपल्या ग्रुपवर, सोसायटीत किंवा कॉलेजात करू पाहणाऱ्यांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. त्यांतले हे पाच.

आम्ही दोघे मित्र रोज सकाळी बारा मिनिटांच्या ‘बातम्या आणि टवाळकी’ रेकॉर्ड करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. आमचं आम्हाला हसू आवरत नाही, ऐकणाऱ्यांना मात्र येत नाही. कुठे चुकतंय? (नेरूळ)

पहिली चूक बारा मिनिटांची. सातला तुमचा श्रोता एका हाताने डबा भरतोय, दुसऱ्या हाताने मुलाचा मोजा शोधतोय आणि मधूनच कुकरची शिट्टी होतेय. त्याला अर्धंच ऐकू येतं, हे धरूनच चाला. सहा मिनिटं पुरे. त्यात दीड-दोन मिनिटांचे तीन विषय, आणि प्रत्येकात विषयाचं नाव निदान दोनदा. ‘तो’, ‘ते’, ‘तिकडे’ असं बोलत राहिलात की मोजा शोधणारा तुटला.

दुसरी चूक म्हणजे दोघेही एकच काम करताय. एकाने बातमी धरायची, दुसऱ्याने ती वाकवायची. बातमी धरणाऱ्याने विनोद करायचाच नाही. तो जितका सरळ, तितकी दुसऱ्याची फिरकी चढते. घड्याळही त्याच्याकडेच. त्याने बोट वर केलं की दुसऱ्याने चालू वाक्य संपवून गप्प बसायचं. एकमेकांवर बोलणं एवढ्यानेच निम्मं कमी होतं. आठवड्याने जागा बदला, रोज नको.

संपूर्ण संहिता लिहू नका, वाचल्याचा वास येतो. काहीच न लिहिता बसलात तर गप्पा कट्ट्यावर जातात. प्रत्येक विषयाला तीनच ओळी लिहा: नेमकी माहिती, दुसऱ्याचा प्रश्न आणि शेवटचं वाक्य. त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात आधी. कुठे उतरायचं ते ठाऊक नसलेली जोडगोळी ‘असो, तर मंडळी’वर येऊन थांबते, आणि तुमची तर तिन्ही विषयांत तिथेच थांबत असणार.

आता विनोदाबद्दल. ‘घोडबंदरला आजही ट्रॅफिक, काय बोलणार!’ यात विनोद नाही, उसासा आहे. त्याऐवजी असं बघा: १६ एप्रिल १८५३ ला मुंबईच्या बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी आगगाडी ३४ किलोमीटर कापून ५७ मिनिटांत ठाण्याला आली. यावर दुसऱ्याने एवढंच विचारायचं, ‘आज घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून ठाणे स्टेशन किती मिनिटांत गाठलंत, ते ग्रुपवर कळवा.’ आकडा खरा, टोमणा श्रोत्यांच्या घड्याळात, आणि उद्याचा मसाला आपोआप जमा.

विनोदालाही मुदत असते. ‘नवी मुंबईचा विमानतळ काही होत नाही’ हा हक्काचा विनोद ८ ऑक्टोबर २०२५ ला, उद्घाटनाच्या दिवशी संपला. वहीतून असे मेलेले विनोद महिन्याला एकदा काढून टाका.

ग्रुपवर रोज नवी अफवा येते: नोटेत चिप, चंद्रावर कोणी गेलंच नाही, आज रात्री किरणं येणार. कशाची थट्टा करावी, कशाची नाही? आणि पहाटे सहाला खरं-खोटं तपासायचं कसं? (घोडबंदर रोड, ठाणे)

ज्या अफवेने कोणाच्या अंगावर माणसं धावून जात नाहीत, ती थट्टेला मोकळी. नोव्हेंबर २०१६ मधली दोन हजारांच्या नोटेतली चिप घ्या: नोट कुठेही दडवा, जीपीएसने सापडणार म्हणे. जीपीएसचा भाग उपग्रहाकडून संदेश फक्त घेतो. आपण कुठे आहोत हे दुसऱ्याला कळवायचं तर प्रक्षेपक हवा आणि त्याला बॅटरी हवी. म्हणजे नोट रात्री चार्जिंगला लावावी लागली असती. इथे स्पष्टीकरणच विनोद आहे, आणि हीच खूण: खुलासा केल्यावर हसू वाढत असेल तर विषय घ्या. चंद्रावरचा झेंडा हवा नसताना ‘फडकतो’, कारण त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती आणि अपोलो ११ च्या वेळी ती पूर्ण बाहेर आली नाही. चुण्या पडल्या. १९६९ साली इस्त्रीवाला सोबत नेला नव्हता, एवढं कारस्थान मान्य करायला हरकत नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये माहीमला समुद्राचं पाणी ‘गोड’ झालं आणि लोक चमत्कार समजून बाटल्या भरू लागले. पावसाळ्यात खाडीत उतरलेलं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. पण त्याच खाडीत मिठी नदी काय काय आणून सोडते ते सगळ्यांना ठाऊक. थट्टा करायचीच तर बाटली भरणाऱ्याच्या श्रद्धेची नको, बाटलीतल्या पाण्याची करा.

मुलं पळवणारी टोळी, अमुक जमातीचे लोक, विषारी प्रसाद, दंगल यांना हात लावू नका, खोडून काढतानासुद्धा विनोदी सुरात नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. अर्धवट ऐकणाऱ्याच्या कानात खुलासा शिरत नाही, अफवाच शिरते. सांगणं भागच असेल तर पहिलं वाक्य ‘हे खोटं आहे’ असं हवं आणि टोळीचं वर्णन अजिबात नको.

तपासायचं म्हणाल तर आधी व्हॉट्सॲपच्या संदेशावर दुहेरी बाण आहे का पाहा. तो असेल तर संदेश निदान पाच हातांतून फिरून आलाय. फोटो गूगल लेन्समध्ये टाका. पावसाळ्यात फिरणारे पुराचे फोटो बरेचदा जुने किंवा भलत्याच गावचे असतात. शाळेच्या सुट्टीचं पत्र आलं तर तारीख, साल आणि खाली सही जिल्हाधिकाऱ्यांची की महापालिका आयुक्तांची, हे तीन बघा. गेल्या वर्षीचं पत्र ‘आजच’ म्हणून येतं. रेड अलर्ट म्हणजे आपोआप सुट्टी नव्हे; इशारा हवामान खात्याचा, सुट्टी प्रशासनाची.

पावसाच्या आकड्यात तर भलेभले घसरतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. सातला तुम्ही जो ‘चोवीस तासांतला’ आकडा वाचाल तो काल सकाळी साडेआठला संपलेल्या दिवसाचा असू शकतो, आणि रात्रभर खिडकीवर वाजलेला पाऊस त्यात नसतो. ‘खातं म्हणतं चार मिलिमीटर, आमचं पार्किंग म्हणतं चार फूट’ हा विनोद करायच्या आधी आकड्याची वेळ बघा, नाहीतर हसं तुमचंच. ‘अतिवृष्टी’ हा शब्दही कुठेही फेकू नका: ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार, अशा खात्याच्या पायऱ्या आहेत.

आमचा फ्लॅट रस्त्याला लागून आहे. ट्रक, पंखा, सगळं रेकॉर्ड होतं आणि दोघांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. (ऐरोली)

बहुधा कंडेन्सर माईक घेतलाय, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा. तो शांत खोलीसाठी उत्तम, रस्त्याकाठी बेइमान. जवळचाच आवाज नीट घेणारा डायनॅमिक माईक घ्या, तोंडापासून एक मूठभर अंतरावर आणि जरासा बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटणार नाहीत. डब्याचा आवाज दोन माईकमुळे: तुमचा आवाज स्वतःच्या माईकला आधी आणि मित्राच्या माईकला जरा उशिरा पोचतो, आणि दोन्ही मिसळताना काही सूर एकमेकांना खातात. तोंड ते माईक जेवढं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकांमध्ये ठेवा. ज्याचा संवाद नसेल त्याचा माईक एडिटिंगमध्ये खाली घ्या.

आवाज घुमू नये म्हणून लोक गोधडी माईकमागे टांगतात, ती बोलणाऱ्याच्या पाठीमागे हवी, कारण माईकचं तोंड त्याच्या मागच्या भिंतीकडे असतं. पंखा बंद. रेकॉर्डिंगची पातळी ‘हॅलो, हॅलो’ म्हणून लावू नका, खदखदून हसून लावा. सगळ्यात मोठा आवाज हसण्याचाच असतो आणि तोच फाटतो. हसताना पातळीचा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जायला नको (शून्याला आवाज फाटतो). शेवटी मोनो (एकाच वाहिनीचा), ६४ केबीपीएसचा एमपी३ काढा: सहा मिनिटं तीन एमबीच्या आत बसतात. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

यासाठी परवाना लागतो का? पेपरातल्या बातम्या वाचल्या तर चालतं? (नौपाडा, ठाणे)

ग्रुपवर ऑडिओ टाकायला परवाना नाही. स्वतःचा एफएम ट्रान्समीटर विनापरवाना लावलात तर गुन्हा. खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणीपुरवठ्याच्या सूचना यांना मुभा आहे. म्हणून तर त्यांच्या सकाळी खड्ड्यांवर इतकी प्रतिभा खर्च होते.

तुम्हाला ते बंधन नाही, पण बदनामीचं कलम आहे: भारतीय न्याय संहितेचं ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद. घटनेवर कोणाची मालकी नसते, बातमीदाराच्या वाक्यांवर असते. तेव्हा बातमी आपल्या शब्दांत सांगा, पेपराचं नाव घ्या. सिनेमाची गाणी लावू नका. गच्चीवर भोंगा लावायचा विचार असेल तर लेखी परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. सोसायटीच्या सेक्रेटरीची मर्यादा त्याहून कमी असते.

माझा भाऊ पुढाऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो. वापरू का? (सीबीडी बेलापूर)

वापरा, पण ‘नक्कल’ हा शब्द त्या तुकड्याच्या आत, पहिल्या पाच सेकंदांत हवा, कारण सुरुवातीची सूचना कापून मधला तुकडा पुढे जातो. पुढाऱ्याला वाशीच्या घाऊक बाजारात, एपीएमसीत, कांद्याचा भाव करायला लावा, सोसायटीच्या लिफ्टमध्ये अडकवा. तो खरोखर बोलू शकेल असं वाक्य त्याच्या तोंडी घालू नका. हुबेहूब आवाजात ‘उद्यापासून पाणीकपात’ एवढं म्हटलंत, तर नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी दिघ्यापासून बेलापूरपर्यंत एकही बादली रिकामी राहणार नाही.